युद्धपटातलं सांडलेलं वरण

करमाडच्या हवालदार बद्रीनाथरावांनी गावाला कधीच खोटं सांगितलं नव्हतं. गावानं विचारलंच चुकीचं, त्याला ते काय करणार? कारगिलनंतर सुटीवर आले तेव्हा स्टँडवरच कुणीतरी विचारलं, "किती लोळवले?" दोन दिवसांच्या प्रवासानं शिणलेले बद्रीनाथराव म्हणाले, "मोजत बसायला येळ कुणाला व्हता?" बस्स. एवढ्या एका वाक्यावर गावानं त्यांना रणधुरंधर करून टाकलं. हातावरचा भाजल्याचा डाग तोफगोळ्याचा ठरला. पंधरा ऑगस्टचा झेंडा त्यांच्या हातून, शाळेतलं भाषण त्यांचं. प्रत्यक्षात बद्रीनाथराव फौजेत स्वयंपाकी होते आणि तो डाग रॉकेलच्या भट्टीनं दिला होता. हे गावात एकट्या द्वारकाबाईला, त्यांच्या बायकोला, माहीत होतं. भाजी बिघडली तरी बद्रीनाथराव घरात चकार शब्द काढायचे नाहीत. न जाणो, ती चारचौघांत पळी हातात द्यायची.

अशी वीस-बावीस वर्षं सुखात गेली, आणि सरपंच तात्यासाहेबांच्या डोक्यात ते खूळ शिरलं. संभाजीनगरात एक मोठा युद्धपट लागला होता. तात्यासाहेबांनी जालना रोडवरच्या मल्टिप्लेक्सचा सकाळचा अख्खा खेळ गावासाठी ठरवला, दोन जीपगाड्या आणि एक ट्रॅव्हल्स केली, आणि सिनेमा संपल्यावर तिथंच चर्चा ठेवली: 'युद्धपट : जमेच्या बाजू आणि उणिवा'. प्रमुख वक्ते अर्थातच बद्रीनाथराव.

"तात्यासाहेब, मला काय कळतंय सिनेमातलं?"

"लढाईतलं तर कळतंय ना? गोळी कशी चालती, माणूस कसा पडतो, ते सांगायचं. लई अवघड नाय."

अवघड कसं नाही? रणधुरंधराला त्या रात्री झोप आली नाही. शेवटी त्यांनी भाषण पक्कं केलं : सिनेमा चांगला आहे, जय हिंद.

पहिल्या रांगेत कोटावर पदकं लावून बद्रीनाथराव बसले. एका बाजूला तात्यासाहेब, दुसऱ्या बाजूला मनकर्णाकाकू. काकूंचा मुलगा रामकिसन बावीस वर्षांपूर्वी सीमेवर शहीद झाला, बद्रीनाथरावांपेक्षा वेगळ्या पलटणीत. तेव्हापासून गावात देशाचं नाव निघालं की काकूंना पहिल्या रांगेत बसवायचं आणि शाल घालायची, असा रिवाजच पडला होता. पलीकडं पेपरात सिनेमांवर लिहिणारे गुलमंडीचे मधुसूदन सर वही उघडून तयार. सरांची पद्धत अशी, की सिनेमा कितीही भिकार असो, त्याच्या तीन जमेच्या बाजू. आणि कितीही थोर असो, तीन उणिवा.

सिनेमा मोठा नखरेल निघाला. जवान चालायचे तेसुद्धा वरातीतल्यासारखे, एकेक पाऊल मोजून. बर्फ निळा, आभाळ केशरी. गोळी सुटली की कपभर चहा पिऊन होईपर्यंत पोचायची नाही. सोळा हजार फुटांवर नायकानं सदरा काढला तेव्हा बद्रीनाथरावांनी नकळत स्वतःच्या कोटाची बटणं लावून घेतली. बाकी त्यांना काही वाटलं नाही. सिनेमाच तो.

मग तो प्रसंग आला. तळावर गोळा पडतो आणि चुलीवरचं वरणाचं पातेलं उडतं. उडतं म्हणजे किती वेळ उडावं! पिवळंधमक वरण हवेत पसरलेलं, डाळीचा दाणा न् दाणा सुटा, मागं बासरी. खाली यायलाच दोन मिनिटं लागली. नंतर नायक त्याच वरणातून बूट टाकत, वळूनही न बघता लढायला निघून गेला. सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं. बद्रीनाथराव मात्र पडद्यावर पातेल्याचं झाकण शोधत होते.

चर्चेला मधुसूदन सर उभे राहिले. दृश्यांची भव्यता ही पहिली जमेची बाजू, शांततेचा वापर ही दुसरी. "आणि तिसरी म्हणजे तो पिवळा स्फोट! दिग्दर्शकानं जीवनच उधळून दाखवलंय. संपूर्ण सिनेमातली ही सर्वश्रेष्ठ चौकट आहे."

"वरण व्हतं ते," बद्रीनाथराव बसल्या जागेवरून म्हणाले.

"अं?"

तात्यासाहेबांनी झटक्यात माईक त्यांच्या हातात दिला. पक्कं केलेलं भाषण कुठल्या कुठं गेलं.

"सर, एक गोष्ट सिनेमावाल्यानं बरोब्बर धरली. गोळा पडल्यावर आवाजच बंद होतो. कान नुसते सुन्न. त्याला माझा सलाम. पण त्या उंचीवर डाळ शिजता शिजत नाय, सर! कुकरला लावून तास-तास राखण करावी लागती. पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ. आन् ह्यानं पातेल्यावर झाकण नाय ठिवलं! साठ माणसांचं जेवण मातीत गेलं आन् एक जण खाली बघत नाय? अडीच घंटे लढले, कुणी कुणाला इचारलं का, बाबा, तू जेवला का?"

मागच्या रांगांत हशा पिकला. सरांनी उत्सुकतेनं विचारलं, "हवालदारसाहेब, आघाडीवर लढताना स्वयंपाकाकडं इतकं बारीक लक्ष?"

इथं गप्प बसले असते तरी भागलं असतं. 'जवानाचं सगळीकडं लक्ष असतं' म्हटलं असतं तर टाळ्यासुद्धा पडल्या असत्या. पण ते सांडलेलं वरण काही डोळ्यांपुढून हटेना.

"लढायला नव्हतो मी. शिजवत व्हतो."

तात्यासाहेबांनी माईककडं हात नेला आणि तसाच मागं घेतला. कुणीतरी म्हणालं, "आन् मग हातावरचा गोळा?" दुसरा म्हणाला, "भाकर उलटताना लागला आसंल!" आणि मग जो हशा उठला, तो बद्रीनाथरावांना दिवाळीच्या फटाक्यांपेक्षा मोठा वाटला. बावीस वर्षांची इज्जत गेली.

तेवढ्यात मनकर्णाकाकूंनी त्यांची बाही ओढली. त्यांचा आवाज बारीक, पण माईक दोघांच्या मधेच होता.

"बद्री, मंग तुला ठाव आसंल. त्या दिशी माझा रामकिसन जेवून गेला आसंल का रे?"

हशा जागीच थांबला.

"समदे येतेत, त्यो कसा लढला ते सांगतेत. जेवला का नाय, हे म्या इचारावं कुणाला? सायेब लोकांना इचारायची लाज वाटती."

बद्रीनाथराव खाली बसले, काकूंच्या पायाशी, पदकांसकट. "त्याच्या पलटणीत मी नव्हतो, काकू. खोटं नाय सांगत. पण वर निघालेल्या माणसाला लंगरवाला, म्हंजे फौजेतला सैपाकी, रिकामा सोडत नाय. त्यो नाय म्हणला तरी खिशात शक्करपारे कोंबतोच. मी कोंबायचो. त्याच्याबी लंगरात कुणीतरी आसंलच."

"गोड आसतेत?"

"गोडच."

"त्याला गोड लई लागायचं." काकूंनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "कसे करतेत? मला सांग. मी करीन घरी."

"सोपं हाये. दहा किलो मैदा, चार किलो साखर, दोन किलो डालडा..."

"आरं, दहा किलो? मी एकली बाई. एकापुरतं सांग."

बद्रीनाथरावांनी बोटांवर हिशेब मांडला. पुन्हा मांडला. ओठ हलले, पण आकडा काही निघेना.

"एकापुरतं कधी केलंच नाय, काकू," ते म्हणाले. "शंभराचंच येतं मला."

"मंग शंभराचेच कर," काकू म्हणाल्या. "मी येते लाटायला."