ना फलटणची, ना पाटणची

मी पिसू बोलतेय. लगेच अंग खाजवू नका. सांगलीच्या एका कॉलेजात मला काचपट्टीवर कायमचं चिकटवलंय. इथून उडी मारणं आता जमायचं नाही.

माझा जन्म कोरेगावजवळच्या एका धनगरवस्तीवर, खंड्या कुत्र्याच्या बसायच्या जागेत झाला. आधी अळी होते, मग मातीत कोष करून पडून राहिले. वरून खंड्याची पावलं दणाणली तशी कोष फोडून थेट त्याच्या मानेवर गेले. आम्हाला पंख नाहीत. कुत्रं जाईल तो आमचा मुलूख.

आता खानदानाचं सांगते. आमच्या जातीत दोन उपजाती. फलटणकडच्या कोरड्या माळावरच्या पिसवेच्या मागच्या पायांवर केस दाट, पाटणच्या ओल्या डोंगरातल्या पिसवेचे विरळ. मेंढरं चाऱ्यासाठी इकडून तिकडे जातात, त्यांच्यामागून कुत्री आणि कुत्र्यांवर बसून आमच्या सोयरिकी. माझी आई डोंगराकडची, बाप माळावरचा. मग मी कुठली? हा प्रश्न विचारून तुम्ही माणसं एकमेकांचं डोकं खाता. आम्ही नुसतं रक्त पितो.

स्वप्नालीला मात्र याच प्रश्नानं झोप नव्हती. ती त्या वस्तीवरच्या भामाआजीची नात, सांगलीत आमच्यावर प्रबंध लिहिणारी. तिचे सर म्हणायचे, या दोन वेगळ्याच जाती. ती म्हणायची, जात एकच, मधल्या पट्ट्यात, म्हणजे आमच्या कोरेगावकडे, दोघी एकमेकींत मिसळतात. पण मधली पिसू दाखवल्याशिवाय तिचं ऐकणार कोण? प्रबंध द्यायची वेळ तर तोंडावर आलेली.

तिनं आजीला फोन केला. "आज्जे, रविवारी सरांना घिऊन येतीया. खंड्याच्या पिसवा बघायच्यात."

सर आणि पिसवा एकाच दमात ऐकून भामाआजीनं कपाळावर हात मारला. एवढा शिकलेला पाहुणा घरातल्या पिसवा बघायला येणार! तिनं कडुनिंबाचा पाला उकळला, खंड्याला चोळून चोळून आंघोळ घातली, बारीक फणीनं विंचरला, त्याची बसायची जागा शेणानं सारवून काढली. माझं सगळं गणगोत त्या पाण्यात बुडालं. मी तेवढी उडी मारून आजीच्या लुगड्यात शिरले.

रविवारी खंड्या नवरदेवासारखा चकाकत होता. स्वप्नालीनं त्याचे कान उलटून पाहिले, पोट पाहिलं, शेपटीखाली पाहिलं.

"आज्जे, पिसवा कुटं गेल्या?"

"एक बी ठिवली न्हाई बग!" आजी तोऱ्यात म्हणाली. "सर येनार म्हटल्यावर लाज नको व्हय आमास्नी?"

स्वप्नाली मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. आजी भांबावली. नातीला कुशीत ओढून पाठीवरून हात फिरवू लागली. "माजं चुकलं गं बाये. पिसवा कुनाला पायजे असत्यात, हे मला काय ठावं?" सर उगीच शेजारच्या बाभळीकडे बघत राहिले.

मला त्यांची दया आली असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला भूक लागली होती. मी आजीच्या कमरेला कडकडून चावले.

"आगं आयाय गं!" तिनं थुंकी लावलेलं बोट नेमकं माझ्यावर दाबलं. जन्माची सवय, दोन्ही अंगठ्यांची नखं जवळ आली आणि मी मधोमध.

"आज्जे, मारू नगंस!"

नखं थांबली. तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं तसं तिनं मला स्वप्नालीच्या बाटलीतल्या औषधात सोडलं.

सांगलीला सरांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. माझे केस ना दाट, ना विरळ. "एका पिसवेवर काही ठरत नाही," ते म्हणाले, "पण आजूबाजूच्या वस्त्या धुंडाळ. तुझं म्हणणं खरं निघेल असं दिसतंय." स्वप्नालीनं सगळा मधला पट्टा पालथा घातला. आता काचपट्ट्यांच्या याच पेटीत माझ्यासारख्या मधल्या कितीतरी आहेत आणि तिचा प्रबंध मान्य झालाय.

परवा भामाआजी कॉलेजात आली होती. एक डोळा मिटून सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"हीच का गं ती?"

"व्हय आज्जे."

"हिला लय दुखलं आसंल का गं त्या औषदात?"

"न्हाई आज्जे. तिला कळलं बी न्हाई."

दुखलं होतं. पण तुम्ही आजीला सांगू नका.