मोठ्यांचं काम

नगरसभेत माइक सांभाळणं हे आमच्या ह्यांचं काम. सभागृहाच्या मागच्या भिंतीत काचेची खोली आहे, तिथे बसायचं. अध्यक्षांनी मान हलवली की माइक चालू, पेन आपटलं की बंद. "तुमचा हात तुमचा राहिलाच नाही," असं मी ह्यांना चिडवायची.

वाचनालयातली मुलांची खोली बंद करून तिथे नगरसभेच्या सभासदांच्या विश्रांतीची सोय करायची, असा ठराव आला. शाळा सुटल्यापासून आम्ही दोघं कामावरून येईपर्यंत आमची अकरा वर्षांची लेक त्याच खोलीत बसते. खोली गेली तर पोरीने संध्याकाळभर बंद घरात एकटीने बसायचं. मी हरकत सांगायला नाव नोंदवलं, तर लेक म्हणाली, "आई, मी बोलते ना. खोली मी वापरते." मला पटलं.

सभेत आधी दोन सभासद एकमेकांच्या अंगावर धावून गेले. अध्यक्ष ओरडले, "काय लहान मुलांसारखं भांडताय!"

"आम्ही खोलीत कध्धी भांडत नाही," लेक माझ्या कानात पुटपुटली.

मग अध्यक्षांनी भाषण ठोकलं. मुलं म्हणजे म्हणे उद्याचे नागरिक. उद्याचे! म्हणजे आज त्यांना बसायला जागा नसली तरी कुणाचं काही बिघडत नाही.

माझं नाव पुकारलं. लेक माइकपाशी गेली, टाचा उंचावून उभी राहिली. "नमस्कार. ती खोली आम्ही..."

"ताई, मुलीला खाली बसवा," अध्यक्ष हसत म्हणाले. "इथे मोठ्यांचं काम चाललंय." सभागृह खदखदून हसलं. त्यांनी पेन आपटलं.

माइक बंद झाला. लेक बोलतच होती, पण दुसऱ्या रांगेपलीकडे काही पोचत नव्हतं. मग ती थांबली आणि वळून काचेकडे बघत राहिली. "माझी पाळी मी तिला दिलीय!" मी जीव तोडून ओरडले. माझंही कुणी ऐकलं नाही. ठराव एकमताने मंजूर झाला.

रात्री जेवताना ह्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. "हात आपसूक गेला गं," ते मला म्हणाले. मग ते लेकीकडे वळले.

"बाळा, काय सांगायचं होतं तुला? मला सांग. मी ऐकतो."

तिने आपलं ताट उचललं.

"मोठी झाल्यावर सांगेन, बाबा."

चिडून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. ती अगदी समजूतदारपणे म्हणाली.