नऊ किलो दोनशे ग्रॅम

जुलैच्या पहिल्या रविवारी इराच्या सॅकचे वजन नऊ किलो दोनशे ग्रॅम होते. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी ते सहा किलो नऊशे ग्रॅम झाले. मधल्या काळात सॅकमधून एकही वस्तू काढलेली नव्हती.

गुरुदत्तने आकडा वहीत लिहिला, पण पेन्सिल खाली ठेवली नाही. त्याने इराला काट्यावरून उतरून पुन्हा चढायला सांगितले. ती उतरली, पाठीवरच्या सॅकचा कमरेचा पट्टा शेवटपर्यंत ओढून घेतला आणि पुन्हा चढली. आकडा तोच आला.

"कमी झालंय ना?" तिने विचारले.

"झालंय."

"मग तोंड का असं करतोस, बाबा?"

सॅक एकटी काट्यावर ठेवली की आकडे तिच्याखाली झाकले जात. म्हणून इरा ती पाठीला लावून उभी राही, गुरुदत्त वाकून वाचे आणि तिचे वजन वजा करून उरलेला आकडा लिही. पद्धत साधी होती. चाकणच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षे ब्रेकचे सुटे भाग मोजण्यात घालवलेल्या माणसाला साध्या पद्धतींवर विश्वास असतो. विश्वास नसतो तो अचानक चांगल्या झालेल्या आकड्यांवर. सुटा भाग बिघडतो त्याला कारण असते, तसे तो सुधारतो त्यालाही असले पाहिजे, असे तो हाताखालच्या लोकांना सांगत असे.

सप्टेंबरात इरा कॉलेजच्या तिघांबरोबर हिमालयात बारा दिवस चालणार होती. हमाल नाहीत, खेचरे नाहीत. आपले सामान आपल्या पाठीवर. म्होरक्या निमिषने अट घातली होती की साडेआठ किलोंच्या वर कोणाची सॅक चालणार नाही. ज्याला जमणार नाही त्याने पुढच्या वर्षी यावे. हीच वाट गुरुदत्तला स्वतः चालायची होती. मार्चमध्ये डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे उजेडात धरून तो विषय संपवला. तेव्हापासून इराचे सामान निवडणे हे त्याचे काम झाले, आणि ते काम त्याने कारखान्यात करतो तसेच केले.

तंबूवरून मात्र दोघांचे जमले नव्हते. चिंचवडच्या दुकानात इराने एकपदरी तंबू पसंत केला होता. तो तेराशे ग्रॅम होता. गुरुदत्तने दुपदरी निवडला, एकवीसशेचा. एकपदरी कापडाला आतून श्वासाची वाफ धरते, थंडीत ती थेंब होऊन खाली पडते, ओली झोपण्याची पिशवी ऊब देत नाही, हे त्याने दुकानदारासमोरच समजावून सांगितले. त्यात चूक काहीच नव्हती. इरा तंबूच्या खुंट्या मोजत राहिली, मग म्हणाली की ठीक आहे, हाच घेऊ. तंबूत तिच्याबरोबर ऋता झोपणार होती. ऋताकडे चूल आणि भांडी होती, त्यामुळे तंबू इराच्याच पाठीवर येणार होता.

घरी आल्यावर काटछाट सुरू झाली. दात घासायच्या ब्रशचा दांडा अर्धा कापला. टॉवेलाचा पाव भाग ठेवला. जास्तीचा टी-शर्ट गेला, पुस्तक गेले, तंबूची जाड पिशवी जाऊन काळेवाडीच्या रुक्साना टेलरने पॅराशूटच्या कापडाची शिवून दिलेली आली. एवढे करून नऊ किलो दोनशे उरले आणि गुरुदत्तने यादी बंद केली. यातले आता काहीही काढले तर ते धोक्याचे ठरेल, असे त्याने निमिषला फोनवर सांगितले. निमिषने सातशे ग्रॅमची आठवण करून दिली आणि पंधरा ऑगस्टपर्यंत कळवा, असे नम्रपणे म्हटले.

त्यानंतर सॅक आपोआप हलकी होऊ लागली.

इरा अंघोळीला गेल्यावर गुरुदत्तने सॅक दिवाणखान्यात रिकामी केली. ती ही सॅक घेऊन रोज सकाळी इमारतीचे अकरा मजले चढत-उतरत असे. वाटेत काही काढून ठेवत असेल, असा त्याचा अंदाज होता. यादीतल्या एकेचाळीस वस्तू होत्या. बेचाळिसावी झोपण्याच्या पिशवीत गुंडाळलेली सापडली: एक डबा, त्यात शेंगदाण्याचे सोळा लाडू.

स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर त्याने एकेक वस्तू मोजली. एकेचाळीस वस्तू आणि रिकामी सॅक मिळून नऊ किलो दोनशे. लाडवांचे पाचशे वीस वेगळे. म्हणजे सॅक हलकी झालीच नव्हती. उलट जड झाली होती.

इराची आई चारुलता कणीक मळत होती. डबा पाहून तिने हात थांबवले नाहीत.

"मीच ठेवले परवा. घरात तर खात नाही, निदान डोंगरावर तरी खाईल."

"यादी बंद झाली होती, चारू."

"तुमची झाली असेल. कॉलेजचा डबा निम्मा परत येतो. विचारलं की म्हणते, कँटीनमध्ये खाल्लं. तुम्ही एकदा बोला तिच्याशी."

गुरुदत्तने बोलेन म्हटले आणि वहीत लाडवांचे वजन लिहिले. सामान बरोबर होते. याचा अर्थ न्हाणीघराशेजारचा काटा चुकत होता.

सोमवारी तो काटा पिशवीत घालून कंपनीच्या बसमध्ये बसला. साहेब आता रोज वजन बघून जेवणार, असे मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले. मापन विभागात मीरासाहेब होता. प्रमाण वजने त्याच्या ताब्यात असत आणि ती तो हातमोजे घातल्याशिवाय कोणाला उचलू देत नसे. गुरुदत्तने त्याला सगळे सांगितले. मीरासाहेबने आधी वीस किलो ठेवले, मग चाळीस, मग साठ, आणि प्रत्येक आकडा तीनदा वाचला.

"काट्याला काही झालेलं नाही राव. घरचा आहे, पण आपल्या दोन मशिनींपेक्षा बरा आहे."

"सामानही बरोबर आहे. मी स्वतः मोजलंय."

"असेल की." मीरासाहेब वजने पेटीत ठेवू लागला. "वजा काय करता तुम्ही?"

"इराचं वजन."

"कधीचं?"

गुरुदत्तने वही उघडली. पहिल्या पानावर, जुलैच्या पहिल्या रविवारच्या तारखेखाली, इराचे वजन एकदा लिहिलेले होते. पुढच्या प्रत्येक पानावर तोच आकडा होता. मीरासाहेबने वहीकडे पाहिले, मग पेटीचे झाकण लावले आणि चहा सांगून येतो म्हणून बाहेर गेला. तो बराच वेळ आला नाही.

संध्याकाळी इरा बाल्कनीत बुटांच्या नाड्या बदलत होती. गुरुदत्त काटा घेऊन तिच्यासमोर आला. कुठे ठेवायचा ते न सुचल्याने तो हातातच राहिला. तिच्या मनगटावरचे घड्याळ कोपराच्या दिशेने घसरलेले होते. हे त्याने आधीही पाहिले असले पाहिजे.

"सॅक न घेता एकदा उभी राहतेस?"

तिने नाडी ओवणे थांबवले नाही.

"दोन किलो आठशे उतरलंय," ती म्हणाली.

त्याच्या हिशेबात दोन किलो आठशे वीस येत होते. त्याने ते सांगितले नाही.

"का पण?"

"सॅकमधून तर काही काढता येत नव्हतं. तूच म्हणालास, काढलं तर धोका." ती शांतपणे बोलत होती, उदाहरण सोडवून दाखवावे तशी. "आणि त्या डॉक्टरांकडून आलास तेव्हा म्हणाला होतास ना, वजन पाठीवरचं की अंगावरचं ते गुडघ्याला कळत नाही. मग मी अंगावरचं काढलं. तुझ्या वहीत आकडा उतरत होता, बाबा. पहिल्या वेळी तू शाब्बास म्हणालास."

"निमिषला मी उद्या सांगतो."

"काय सांगणार?"

गुरुदत्तने काटा भिंतीशी ठेवला. आत चारुलताने ताटे घेतली. इराने नाडीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली आणि भूक नाही असे आईला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितले. मग वडील हलत नाहीत असे पाहून ती उठली आणि आत जाऊन ताटावर बसली. तिने भाकरीचे चार तुकडे केले. बराच वेळ ते चारच राहिले.

गुरुदत्त तिच्याशेजारी बसून जेवला. घाई केली नाही, तिच्या ताटाकडे पाहिले नाही. इराने शेवटी दोन तुकडे खाल्ले. ती उठून गेल्यावर त्याने वही काढली. कारखान्यात दोषाच्या मुळाशी जाताना पाच वेळा 'का' विचारतात आणि शेवटच्या उत्तरात माणसाचे नाव लिहू देत नाहीत. दोष पद्धतीचा असतो, असा तिथला नियम आहे. त्याने दोन ओळींत काम संपवले.

सॅकचे वजन कमी दिसत होते, कारण इराचे वजन कमी होत होते आणि मी ते जुलैनंतर मोजले नव्हते.

इराचे वजन कमी होत होते, कारण गुरुदत्तने ते कमी झाल्यावर तिला शाब्बास म्हटले होते.