सीतेच्या आसवांचा श्रावण

कणीक मळायची माझी मोठी परात भाऊंनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मे महिन्यात पळवली. संपात गिरणी गेल्यापासून हाताला काम नव्हतं. गावाहून आणलेली सड्यावरची, म्हणजे तिथल्या कातळी माळावरची, माती त्यांनी परातीत पसरली आणि घाटकोपरच्या आमच्या हातभर गॅलरीत ठेवली. "सीतेची आसवं उगवतील," म्हणाले. "भादव्यात त्या फुलांनी आमचा सडा निळा होतो गं. यंदा ह्या गुडघ्यामुळे गणपतीला गाव नाही. मग सडाच इथे." म्हातारा एवढ्या आशेने बोलला की परातीवरून भांडायचं माझं राहूनच गेलं.

श्रावणात हिरवे कोंब आले. सासूबाईंचं नाव जानकी, त्यामुळे सीतेची आसवं त्यांना घरचीच वाटायची. रोज हळदकुंकू वाहायच्या. अशात शेजारचे विद्याधर सर, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे, भिंग घेऊन वाकले. "काकू, ही मांसाहारी. मुळाशी बारीक पिशव्या असतात, पाण्यातले किडे आत ओढून पचवते."

झालं! सासूबाई कडाडल्या, "श्रावणात घरात बांगडा नाही, आणि ही सटवी माझं हळदकुंकू घेऊन गॅलरीत मटण हाणते?"

तेव्हापासून परातीला फडक्याने गाळलेलं पाणी. उपासच. भाऊंचा जीव खालीवर. उपाशी झाड फुलणार कसं? एकदा टाकीमागच्या डबक्यातलं पाणी तांब्यातून आणताना जिन्यात सापडले. सासूबाईंनी वास घेतला आणि तांब्या मोरीत ओतला. "वयाला शोभतं का?" भाऊ खाली मान घालून उभे. मला हसू आवरेना.

भादव्यात कळ्या आल्या, तसं फर्मान निघालं, "गणपती यायच्या आत ही कचऱ्यात." भाऊ परात उचलायला वाकले, गुडघ्याने दगा दिला, तसेच तिच्याशेजारी बसून राहिले. मला ते बघवेना.

"आई," मी म्हटलं, "गवरीला आपण नैवेद्य काय दाखवतो?"

"काय म्हणजे? मटण-वडे. आपली गवर तिखटच खाते."

"आणि गणपतीला दिसू नये म्हणून?"

"मधे पडदा धरतो," त्या म्हणाल्या आणि त्यांची नजर परातीकडे गेली. जरा वेळाने माझीच चादर काढून त्यांनी गॅलरीच्या दाराला टांगली.

गवरीच्या जेवणादिवशी परात निळी झाली. एक तुरा गवरीला वाहिला. दर्शनाला आलेले सर चपापले, "काकू, मांसाहारी फूल देवीला?"

"मग? आमची गवर वरणभात खाते काय?"

चादरीपलीकडे भाऊ डोळे पुसत होते. "सडा फुलला गो," एवढंच म्हणाले. सासूबाई मात्र जागेवर नव्हत्या. थोड्या वेळाने धापा टाकत जिना चढून आल्या, पदराखाली तांब्या.

"डबक्यातलं?" मी विचारलं.

"गप गं. सणाच्या दिवशी पाहुणी उपाशी ठेवू?"