कर्ज तुझं, घर आपलं

दादाने उभ्या आयुष्यात कुणाला काही दिलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. सल्ला तो सढळ हाताने देत असे. म्हणूनच त्या रविवारी तो धाकट्या बहिणीसमोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "चिमे, तुला काहीतरी द्यायचंय," तेव्हा तिने शिलाई मशीनवरून मान वर न करता विचारलं, "कशाबद्दल?"

"सल्ला नाही गं! घराचं कर्ज. तुझ्या नावावर करून टाकतो."

या घराचा हिशेब तसा सरळ होता. सुरुवातीची रक्कम आईच्या बांगड्यांतून आली, हप्ते चिमी पडदे शिवून भरत आली, आणि नाव लागलं दादाचं; कारण बँकेला पगाराची चिठ्ठी हवी होती आणि ती त्याच्याकडे होती. लग्न झाल्यावर दादा कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायला गेला. आता वहिनीने एक फ्लॅट पसंत केला होता, आणि जुनं कर्ज नावावर असेपर्यंत नवं मिळत नव्हतं. दादाला बहिणीची आठवण आली ती ही अशी.

"आणि घर?" चिमीने दाताने दोरा तोडला.

"घर कुठे पळून चाललंय? कर्ज तुझं, घर आपलं."

"आपलं म्हणजे कुणाचं रे दादा?"

"हे बघ, आता तू परक्यासारखं बोलायला लागलीस!"

बँकेतल्या मॅडम मात्र परक्यासारखंच बोलायचा पगार घेत होत्या. "बहिणीच्या नावावर कर्ज करता येईल," त्या म्हणाल्या. "त्या तिथेच राहतात, धंद्याचे कागद चोख आहेत. पण घरही त्यांच्या नावावर करावं लागेल."

दादाने आवाज खाली आणला. "घर माझ्याकडेच राहिलं तर?"

"म्हणजे म्हैस तुमची, दूध तुमचं, आणि वैरण तेवढी बहिणीने घालायची?"

"निम्मं-निम्मं?"

"मग कर्जातही निम्मे तुम्ही. नवा फ्लॅट विसरा."

शेजारच्या खुर्चीवर चिमी पिशवीत तोंड घालून काहीतरी शोधत होती. काय शोधत होती कोण जाणे, पण तिचे खांदे हलत होते.

दादाची अवस्था इकडे आड, तिकडे वहिनी अशी झाली. फ्लॅट हातचा गेला तर घरी धडगत नव्हती. पण हे घर सोडायचं म्हणजे खिडकीजवळच्या खुर्चीत बसून 'हे कपाट तिकडे सरकव' म्हणायचा हक्कही सोडायचा. तो हक्क गेला की दादा नुसताच वयाने मोठा उरणार होता.

पुढच्या आठवड्यात बँकेचा माणूस घर बघायला आला. "थोरला मी आहे, दाखवणार मी," म्हणत दादा पुढे झाला. "ही आमची अडगळीची खोली," त्याने ऐटीत दार उघडलं. आत कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये एक बाई पडद्याला कड्या लावत बसली होती.

"कोण पाहिजे?" तिने दादाला विचारलं.

गॅलरीचं दार त्याच्याकडून उघडेना. त्याने ढकललं, ओढलं, दाराच्या सुताराचा उद्धार केला. चिमीने येऊन ते जरासं उचललं, कमरेने धक्का दिला आणि दार निमूट उघडलं.

"गळती वगैरे?" बँकेच्या माणसाने विचारलं.

"आमच्या घरात? नावालाही नाही!" दादा म्हणाला, आणि छतावरून एक थेंब नेमका त्याच्या कानावर पडला.

"वरच्यांची मोरी आहे," चिमी म्हणाली. "प्लंबर शनिवारी येतोय."

बँकेच्या माणसाने कागदावरून नजर उचलली. "विचारावं लागतं, राग मानू नका. तुमच्यापैकी इथे राहतं कोण?"

दादाने तोंड उघडलं. कान अजून ओला होता.

"ही," तो म्हणाला. "हीच राहते. मी आपला येऊन-जाऊन असतो."

पुढे सगळं भराभर झालं. दादाने सह्या केल्या. प्रत्येक सहीला असा सुस्कारा टाकला की मॅडमनी त्याच्यासाठी पाणी मागवलं. घर आणि कर्ज जोडीने चिमीकडे गेलं. संध्याकाळी तो तिच्याकडे चहाला आला तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसण्यापूर्वी त्याने चक्क विचारलं, "बसू ना?"

"बस की रे," चिमी म्हणाली. "असा पाहुण्यासारखा काय वागतोस?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. इमारतीचे चिटणीस बोलत होते. लिफ्ट बंद पडली होती आणि प्रत्येक घरमालकाकडून जादा वर्गणी काढायची होती. एरवी दादा अर्धा तास भांडला असता, पुढचा आठवडाभर चिडचिडला असता आणि शेवटी त्याने चिमीकडूनच पैसे घेऊन भरले असते. सवयीने त्याने छाती भरून श्वास घेतलाही. मग तो थांबला. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती सैल होत गेली.

"साहेब," तो मधाळ आवाजात म्हणाला, "मालकीणबाई समोरच आहेत. त्यांच्याशी बोला." आणि त्याने फोन दोन्ही हातांनी बहिणीला दिला.

"वर्गणी? कसली वर्गणी?" चिमीचा आवाज चढू लागला. "गेल्या खेपेच्या पैशांचं काय झालं? दुसरीकडे दर विचारलेत का तुम्ही?"

दादाने पाय लांब केले आणि चहाचा घोट घेतला. इतकी वर्षं मालक नसण्याचं हे सुख या पोरीने एकटीनेच घेतलं आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागू दिला नाही, या विचाराने त्याला तिचा थोडा रागच आला.