मी नसलेल्या पेशी

मी एक प्रथिन आहे, विषाणूचं. दिसत नाही, म्हणून मला कुणी दचकत नाही.

कपडे शिवणाऱ्या एका बाईच्या गर्भाशयाच्या मुखाशी माझा जन्म झाला. विषाणूचा डीएनए म्हणजे इवलंसं कडं. त्यावर बसून मी दोन कामं करायचो. कड्याच्या नकला सुरू करून द्यायचो आणि माझ्या दोन भावंडांची जनुकं दाबून धरायचो. ती भावंडं मोकाट सुटली की पेशी थांबायचं विसरते. मी होतो तोवर बाईला आमचा पत्ताही नव्हता.

मग एके दिवशी कडं तुटलं आणि तिच्या डीएनएत रुतलं. तुटलं तेही नेमकं मला घडवणाऱ्या जनुकातच. मी संपलो. भावंडांना रान मोकळं मिळालं. पुढं कधीतरी कर्करोगाची गाठ झाली आणि चौतिसाव्या वर्षी बाई गेली.

पेशी मात्र गेल्या नाहीत. गाठीचा तुकडा तिनंच सही करून प्रयोगशाळेला दिला होता. बाटलीतल्या गुलाबी पाण्यात त्या दर दोन दिवसांनी दुप्पट होत राहिल्या.

तिच्या शिलाई मशीनच्या खणात तो सहीचा कागद सापडला, तसा तिचा धाकटा भाऊ गॅरेजातल्या कपड्यांतच प्रयोगशाळेत धावत आला. त्यानं बाटली उचलून छातीशी धरली.

"खाली ठेवा. बाहेर गारठून मरतील त्या पेशी," संशोधक बाई म्हणाल्या.

"ताई आहे माझी!"

"ताईला ज्यानं खाल्लं, ते आहे हे."

त्याची बोटं सैल पडेनात. संशोधक बाईंनी मला पुन्हा घडवणारं जनुक एका नळीत तयार ठेवलं होतं. "हे आत गेलं की पेशी मरणार नाहीत. वाढायच्या थांबतील, म्हाताऱ्या होतील."

"म्हातारी झालेली बघायची होती मला तिला," तो म्हणाला. मग त्यानं बाटली पुढं केली. "घाला."

आज चौथा दिवस. मी परत कामावर आहे. पेशी पसरट, सुस्त पडल्या आहेत. भाऊ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलाय.

"हेच तिला का नाही दिलं?"

"बाटलीत जमतं. माणसात अजून नाही जमत."

तो रडत नाही. काचेत बघून हळूच विचारतो, "ताई, दमलीस?"

भावा, डोळा काढ आता. मी सगळ्यांत पोचलो नाही. कडेची ती एक पेशी गोल फुगलीय. तिच्यात मी नाही.

ती दुभंगतेय.