नऊ दिवस जॅकवर

दोन्काची जीप मंगळवारी दुपारी माझ्या गाडीदुरुस्तीच्या शेडपाशी आली. ती वळणावर असतानाच मला तिचा आवाज आला होता. खड्ड्यात चाक गेलं की पुढच्या बाजूनं वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज.

दोन्का पाव पोचवायची. आमच्या चेरेशोवो गावातून मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी निघायची आणि डोंगरातल्या वाड्यांना पाव, औषधं, गॅसच्या टाक्या देत वर जायची. सगळ्यात वर गोर्ना लिव्हाडा. तिथं आता नायडेन आणि त्याची बायको वेलिका, एवढी दोनच माणसं उरली होती. चौदा किलोमीटरचा रस्ता, त्यातला निम्मा दरीच्या कडेनं. ऑक्टोबरच्या वादळात त्यांच्या फोनची तार तुटली, ती कुणी जोडली नव्हती.

"मिन्चोकाका, स्टिअरिंग फिरवलं की गाडी आधी विचार करते, मग वळते," दोन्का म्हणाली.

"सव्वीस वर्षांची झाली ती. त्या वयात तू तरी कुणाचं पटकन ऐकायचीस?"

ती हसली. ते तिचं माझ्यासमोरचं शेवटचं हसणं.

जॅक लावून मी डावं चाक दोन्ही हातांनी हलवलं. खालचा बॉल जॉइंट बोटभर हलत होता. चाकाला गाडीशी धरून ठेवतो तो हाच. वाटेत निखळला तर चाक आडवं पडतं, आणि मग स्टिअरिंग हातात असून नसून सारखंच. चाकं वळवणाऱ्या टाय रॉडची टोकंही झिजली होती, बुशांचं रबर चुरा होऊन गळत होतं. उजवी बाजू त्या मानानं बरी होती. मी दोन्ही बाजूंचं सामान मागवलं.

"शुक्रवारी सकाळी वर जायचंय मला," ती म्हणाली. "नायडेनकाकांच्या गोळ्या शुक्रवारपर्यंतच्याच आहेत."

"जाशील."

सामान शुक्रवारी आलं. डब्यावर खालच्या जॉइंटचं चित्र होतं, आत वरचे जॉइंट निघाले. दोन्ही डब्यांत. दुकानदार फोनवर म्हणाला, बदलून देतो, बुधवारी येतील.

दोन्का दारात उभी होती. "जुनाच राहू दे. चाक चढव. मी पहिल्या गिअरमध्ये जाईन."

"दरीकडचं चाक आहे ते, बाई."

"मंगळवारी वरूनच आले ना मी? आली ना गाडी?"

"आली. म्हणून पुन्हा येईलच असं नाही."

"काका, त्यांच्या गोळ्या संपल्यात. त्यांचं हृदय अधू आहे. पाय सुजतात, छातीत पाणी भरतं."

"सरपंचाला सांग. वनखात्याची गाडी जाईल."

ती पाय आपटत गेली. सरपंचानं सोमवारचा शब्द दिला, हे मला नंतर कळलं. आणि सोमवारी ती गाडी गेलीच नाही, हेही नंतरच.

ती गेल्यावर मी जे केलं ते सांगतो. दोन्काला मी लहानपणापासून ओळखतो. उद्या सकाळी ती स्वतःचा पाना घेऊन येणार, चाक चढवणार आणि निघणार, हे मला दिसत होतं. म्हणून मी उजवी बाजूही जॅकवर घेतली. तिथला जॉइंट आणखी महिनाभर चालला असता. तरी मी तो हातोड्यानं ठोकून काढला, दोन्हीकडचे टाय रॉड सोडवले आणि नट तेवढे ठेवून सगळं भंगाराच्या पिंपात टाकलं. नव्या सामानाशिवाय आता ती गाडी शेडबाहेर निघणार नव्हती.

शनिवारी ती खरंच आली. पुढची दोन्ही चाकं नसलेली जीप तिनं पाहिली.

"हे काय?"

"उजवीकडचाही गेलेलाच होता," मी म्हणालो.

तिनं वाकून आत पाहिलं आणि ती निघून गेली.

बुधवारी बरोबर सामान आलं. एक बोल्ट गंजून तुटला, तो ड्रिलनं काढण्यात दिवस गेला. गुरुवारी दुपारी चाकं चढली. पाव आणि गोळ्या घेऊन आम्ही दोघं निघालो. गाडी सरळ चालत होती. खड्ड्यांतून आवाज नव्हता. मला बरं वाटत होतं, हे मी कबूल करतो. एवढं चांगलं काम माझ्या हातून कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

वेलिका अंगणात लाकडं गोळा करत होती. तिच्या डोक्याला काळा रुमाल होता.

"आलात," ती म्हणाली. "मंगळवारी गेला तो. दोन दिवस खुर्चीतच बसून होता. आडवं झालं की श्वास कोंडायचा. सारखं विचारायचा, गाडी ऐकू येते का?"

आत खाटेवर नायडेन होता. तिनं त्याला एकटीनं आंघोळ घातली होती, लग्नातला कोट चढवला होता. एक बाही मात्र घालता आली नव्हती, ती तशीच लोंबत होती. रीतीप्रमाणे आरशावर चादर होती. मेणबत्त्या संपल्या म्हणून तिनं वाटीत तेलाची वात लावली होती. दोन्कानं गोळ्यांची पुडी टेबलावर ठेवली, मग परत उचलली. ती कुठं ठेवावी हे तिला कळेना.

गावचे डॉक्टर नंतर म्हणाले, थंडीत नायडेन तसेही टिकले नसते. असं डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात.

चाळीस दिवसांनी, रीतीप्रमाणे, कबरीवर शिजवलेला गहू वाटला. वेलिकाची शहरातली लेक तिला आपल्याकडे घेऊन जाणार होती, सामान गाडीत चढलं होतं. मी दोन्काला कबरस्तानाच्या फाटकापाशी गाठलं.

"उजवी बाजू चांगली होती," मी म्हणालो. "तू जाऊ नयेस म्हणून मी मुद्दाम सोडवली."

"माहीत आहे मला. शनिवारीच दिसलं."

"तू दरीत गेली असतीस."

"गेले असते कदाचित." तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. "माझी आई अंथरुणावर आहे, मी तिला सोडून दिवसभर चालत जाऊ शकत नव्हते. पण काका, तुमचे पाय तर धड होते ना? चार गोळ्या खिशात घालून तुम्ही चालत का नाही गेलात?"

चौदा किलोमीटर. उतारवयातला माणूसही चार-पाच तासांत जातो. शनिवारी ऊन होतं, रविवारीही होतं. त्या दोन्ही दिवशी मी शेडमध्ये बसून टाय रॉडचे नट ब्रशनं घासत होतो. चालत जायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. गाडी बिघडली की गाडी दुरुस्त करायची, एवढंच मला येतं.

मी फाटक उघडून तिला वाट दिली.

गोर्ना लिव्हाडाची फेरी आता बंद आहे. दोन्का खालच्या वाड्यांना पाव नेते. भेटली की मान हलवते. गाडीचं काम ती नदीपलीकडच्या माणसाकडून करून घेते.